अडचण इकडे आहे

राइली कार्वोनेन फिनलंडमधल्या कुह्मो गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती. गावातल्या निम्म्याअधिक माणसांनी लहानपणी तिच्या हातचं वाटाण्याचं सूप प्यायलेलं. त्यातल्या कित्येकांना आता टक्कल पडलंय, तरी ती रस्त्यात समोरून आली की हात नकळत मागे जातात, कारण हात धुतल्याशिवाय ती कुणाला ताट उचलू द्यायची नाही. तिला स्वतःला मूल झालं नाही. सुरुवातीला त्याचं दुःख होतं, पुढे दुःखाला वेळच मिळेनासा झाला. अंधारात उठायचं, बर्फ तुडवत शाळा गाठायची, मोठाली पातेली चढवायची, आणि सगळी पोरं जेवून गेली की ओट्याला टेकून उभ्याउभ्याच वाटीभर काहीतरी पोटात ढकलायचं. तीच सवय घरीही लागली. घरातल्या जेवणाच्या टेबलाला दोन खुर्च्या होत्या, पण एक नवीच्या नवी राहिली.

तिचा नवरा ओइवा नगरपालिकेची बर्फ सारायची गाडी चालवायचा. उन्हाळ्यात तीच गाडी मातीचे रस्ते सपाट करायची. आमच्याकडे कमी बोलणारा माणूस कुणाला खटकत नाही. पण ओइवा आमच्याकडच्या हिशेबानेसुद्धा फारच कमी बोलायचा. लग्नाचं विचारलं तेव्हाही तो एवढंच म्हणाला होता, "घराला छप्पर घालून झालंय." राइलीला त्यातून समजायचं ते समजलं.

संसार चाळीस वर्षांचा, पण दोघांनी एकमेकांना दिवसाउजेडी पाहिलं ते कमीच. हिवाळ्यात ती उठायच्या आधी तो निघून गेलेला असायचा, आणि ती परत यायची तेव्हा तो झोपलेला. मग दोघंही एकाच वर्षी निवृत्त झाली आणि घरात एकाएकी दोन माणसं झाली. कॉफी प्यायला दोघंही खिडकीपाशी यायची. तळ्याकडे बघायची. तळं तिथंच असायचं.

शाळेच्या लोकांनी निरोप देताना राइलीला तालिनची सहल भेट दिली होती. बोटीची जाण्यायेण्याची तिकिटं आणि दोन रात्रींचं हॉटेल. ते पाकीट वर्षभर घड्याळामागे पडून होतं.

"तालिनला काय आहे?" ओइवा म्हणाला.

"मला काय ठाऊक? जुनं शहर आहे म्हणतात. एस्टोनियाची राजधानी आहे."

"जुनं इथंही आहे. वाफ घ्यायची सौना बघ आपली."

"सौना बघायला लोक बोटीत बसून येत नाहीत, ओइवा."

एप्रिलमध्ये तिकिटांची मुदत संपायच्या आत दोघं निघाली. शेजारच्या पेन्तीने जाताना बजावलं, "येताना बिअरच्या दोन पेट्या आण रे. तिकडे स्वस्त मिळते." ओइवाने मान हलवली.

बोट हेलसिंकीच्या धक्क्यावरून सुटली आणि लगेच धुक्यात शिरली. किनारा गेला, बेटं गेली, समुद्रही गेला. खाली पाणी आहे ते फक्त पायांना कळत होतं. आत लोक पीत होते, कुणीतरी माईकवर बेसूर गात होतं, आणि बाहेर काचेला चिकटून सगळं पांढरं. राइली काचेशी बसून राहिली. बोट चालली आहे की एकाच जागी उभी राहून गुणगुणते आहे, ते तिला सांगता आलं नसतं. दूर कुठेतरी भोंगा वाजला. त्याला आणखी दूरच्या कुणीतरी उत्तर दिलं.

तालिनही धुक्यातच होतं. हॉटेल कसंबसं सापडलं, आणि थकलेली दोघं त्या रात्री लवकर झोपली. सकाळी नाश्त्याला ओइवाने ताकाचा जग बघून पेला भरला, एक घोट घेतला आणि थबकला.

"दूध आहे."

"जगावर ताक लिहिलंय की."

"लिहिलंय ताक. आहे दूध."

एस्टोनियन भाषा आणि आमची फिनिश या सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी आहेत. शब्द तेच, चेहरे तेच, पण अर्थ भलतीकडेच राहायला गेलेले. राइलीला सकाळपासून याचीच गंमत वाटत होती. शेजारच्या टेबलावरच्या बाया बोलत होत्या आणि तिला ते सगळं कळतंय असं वाटत होतं. पण कान देऊन ऐकायला गेलं की काहीच हाती लागत नव्हतं. झोपेत कुणी आपल्याशी बोलावं आणि जागं झाल्यावर नुसता आवाज आठवावा, तसं.

"मग ताकाला काय म्हणत असतील?" ओइवाने विचारलं.

"देवाला ठाऊक. तू पी ते."

दोघं चढ चढून वरच्या जुन्या गावात गेली. शहर बघायची म्हणून तिथं एक कठड्याची जागा होती. कठड्याला लोक ओळीने उभे होते, समोर नुसता पांढरा पडदा, आणि तरी प्रत्येकजण त्याचा फोटो काढत होता. खालून कुठल्या तरी चर्चची घंटा वाजली. चर्च दिसत नव्हतं. घंटेचा आवाज धुक्यातून गोळ्यागोळ्यांनी वर येत होता, जवळ येऊन फुटत होता. रस्त्याचे दगड ओले आणि गुळगुळीत होते. राइलीने ओइवाचा दंड धरला. तो तिने शेवटचा कधी धरला होता हे दोघांनाही आठवलं नसतं, आणि आता सोडायचा कधी हेही कुणाला सुचलं नाही. तशीच चालत राहिली.

गल्लीतून गल्ली निघत होती. एका ठिकाणी भिंतीतून उंच कमान, कमानीपलीकडे अंगण, अंगणात ओलं झाड. थोडं पुढे तसंच अंगण, तसंच झाड. जिना उतरून खाली गेलं की आपण वरच आलोय असं वाटायचं. दुपार कलेपर्यंत राइलीचा गुडघा ठणकायला लागला आणि हॉटेल कुठल्या दिशेला आहे ते दोघांनाही सांगता येईना.

"हरवलो," ओइवा म्हणाला. त्याला त्याचं विशेष वाटलेलं दिसलं नाही.

तेवढ्यात एका कमानीवर कागद चिकटवलेला दिसला. कागदावर मोठ्या अक्षरांत एकच शब्द, 'पुल्माद', आणि आत जाणारा बाण. ओइवाने तो दोनदा वाचला. आमच्याकडे पुल्मा म्हणजे अडचण.

"अडचण," तो म्हणाला. "अडचण इकडे आहे."

"म्हणजे अडचण असलेल्यांनी इकडे यावं, असं असेल. धुकं आहे ना. सोय केली असेल."

"आपल्याला आहे?"

"माझा गुडघा बघ, आणि हॉटेल हरवलंय. आणखी काय पाहिजे?"

दोघं बाणाच्या दिशेने आत गेली.

अंगण ओलांडल्यावर जाड लाकडी दार होतं. राइलीने ते ढकललं आणि आतून ऊब, वाद्यांचा आवाज आणि भाजलेल्या मांसाचा वास एकदम अंगावर आला. लांब दालन, मेणबत्त्या, सणाचे कपडे घातलेली माणसं, मधोमध पांढऱ्या झग्यातली मुलगी. एका पोरीने पुढे येऊन दोघांचे कोट काढूनच घेतले.

"अहो, नाही, आम्ही फक्त रस्ता..." राइली म्हणाली.

पोरीने फिनिश ऐकलं आणि आतल्या कुणाला तरी हाक मारली. गर्दीतून एक ठेंगणी म्हातारी काठी टेकत आली. केसांत फुलं खोवलेली, गाल लाल. तिने दोघांसमोर उभं राहून स्वच्छ, ठाशीव फिनिशमध्ये सांगितलं, "नमस्कार आणि शुभ संध्याकाळ! आपलं मनःपूर्वक स्वागत आहे!"

ओइवाने मागे वळून बघितलं. ती आणखी कुणाशी बोलत असेल असं त्याला वाटलं.

"माफ करा," राइली म्हणाली, "आमची थोडी अडचण आहे. बाहेर तसं लिहिलंय म्हणून आत आलो."

"काय लिहिलंय?"

"पुल्माद. अडचण."

म्हातारीने खुर्चीची पाठ पकडली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग वळून तिने सगळ्या दालनाला ते आपल्या भाषेत सांगितलं, आणि सगळं दालन हसलं. नवरी हसली, नवरा हसला, अकॉर्डियन वाजवणाऱ्याचा सूर चुकला.

"आमच्यात पुल्माद म्हणजे लग्न," म्हातारी डोळे पुसत म्हणाली. "पण तुम्ही म्हणता तेही काही चूक नाही."

"हे खरंय," ओइवा म्हणाला.

"ऐकलंत?" राइली म्हणाली. "दिवसभरात मोजून चार वाक्यं बोलला, त्यातलं एक हे."

म्हातारीचं नाव लाइने. ती नवरीची आजी. धुक्यामुळे स्वीडनहून येणारं विमान उतरलंच नव्हतं, त्यामुळे नवऱ्याकडचं एक अख्खं टेबल रिकामं होतं. ताटं मांडलेली, पेले भरलेले, माणूस एकही नाही. नवऱ्याची आई कधीच गेलेली, त्याला वाढवलेली मावशी त्या विमानात अडकली होती.

"बसा," लाइने म्हणाली. "रिकामी ताटं बघून आमची नवरी, त्रीनू, सारखी रडते आहे. तुमचे उपकार होतील."

राइली खुर्चीवर बसली. समोर काळा पाव आला, खारवलेला मासा आला, बटाट्याची कोशिंबीर आणि आंबट कोबीबरोबर डुकराचं मांस आलं. ती दोनदा उठायला गेली, ताटं उचलायला. दोन्ही वेळा लाइनेने तिला काठीने हळूच खाली बसवलं. तिसऱ्यांदा ती उठली नाही. कुणीतरी शिजवलेलं, कुणीतरी वाढलेलं ती सावकाश खात राहिली. मेणबत्त्यांभोवती धुक्याची वलयं होती. दार उघडलं की बाहेरचं पांढरं थोडंसं आत येऊन विरून जायचं.

"तुमचं फिनिश फार छान आहे," ती लाइनेला म्हणाली. "कुठे शिकलात?"

"टीव्हीवर! सोव्हिएत काळात आमचा टीव्ही बघण्यासारखा नव्हता. नवऱ्याने माळ्यावर अँटेनाची तार लपवली आणि समुद्रापलीकडून तुमचा टीव्ही यायला लागला. बातम्या, मालिका, जाहिराती. जाहिराती तर सगळ्या पाठ आहेत मला." तिने पेला उंचावला आणि आवाज बदलला. "ताज्या भाजलेल्या कॉफीचा खराखुरा सुगंध! आता आणखी मोठ्या पाकिटात!"

राइलीला हसू आवरेना.

तेवढ्यात वाद्यं थांबली. नवरीच्या डोक्यावरचा मुकुट उतरवून तिला एप्रन बांधायची वेळ आली होती. मुलगी आता बाई झाली, असा त्याचा अर्थ. हे काम सासूचं. सासू नाही, मावशी विमानतळावर. लोक एकमेकांकडे बघायला लागले. त्रीनूचे डोळे पुन्हा भरले. मग लाइने राइलीकडे वळली.

"तुम्ही नवऱ्याच्या टेबलावर बसला आहात."

"अहो, पण मी कोण? मी रस्ता चुकलेली बाई."

"इतकी वर्षं संसार केलाय ना?"

"केलाय."

"एप्रन बांधता येतो?"

ओइवाने घास गिळला. "तेवढं येतं तिला," तो म्हणाला.

तेव्हा राइली उठली. एप्रन पांढरा, कडेला लाल नक्षीचा होता. तिने तो त्रीनूच्या कंबरेभोवती घेतला आणि मागे आपली नेहमीची गाठ मारली, टोक आत वळवून, पातेल्यावर कितीही वाकलं तरी न सुटणारी. हात सवयीने चालले. त्रीनू वळली, तिने राइलीच्या कानाशी हळूच काहीतरी म्हटलं. शब्द ओळखीचे वाटले. अर्थ लागला नाही, आणि राइलीने विचारलाही नाही. तिने मुलीच्या गालाला हात लावला आणि परत येऊन बसली. मग बराच वेळ ती ताटाकडे नुसती बघत होती.

नाच सुरू झाला. लाइने कॉफीचे तीन पेले घेऊन आली. "सांगा तरी," तिने विचारलं, "कुठल्या गावचे तुम्ही?"

"कुह्मो."

म्हातारीने पेला खाली ठेवला. "कुह्मो," ती म्हणाली. "उणे चौतीस!"

"काय?"

"बातम्यांच्या शेवटी हवामान यायचं. नकाशावर उजव्या अंगाला, वरती. कुह्मो. सगळ्या देशात तिथं थंडी जास्त. माझी आई चुलीत आणखी एक ओंडका घालायची आणि म्हणायची, बिचारे कुह्मोचे लोक. आम्ही इथं लहान खोलीत दाटीवाटीने बसलेले, आणि मी त्या आकड्याकडे बघत विचार करायचे, तिथं कुणी बाई असेल. ती आत्ता काय करत असेल?"

"वाटाणे भिजत घालत होते," राइली म्हणाली. "उद्याच्या सुपासाठी."

लाइनेने तिचा हात धरला आणि सोडलाच नाही. मग ओइवाकडे बघितलं. "आणि तुम्ही? त्या आकड्यात तुम्ही काय करायचात?"

"गाडी चालवायचो."

झालं, असं राइलीला वाटलं. पण ओइवा पेल्याकडे बघत पुढे बोलायला लागला, हळूहळू, साचलेला बर्फ सारावा तसा.

"एवढ्या थंडीत आवाज बदलतो. चाकाखाली बर्फ ओरडतो. धुराड्यातला धूर सरळ वर जातो, काठीसारखा. दिव्यांचे उजेड पण तसेच. आकाशात खांब उभे राहतात उजेडाचे. कुणी नसतं. कोल्हा दिसला तर दिसला. पहाटे मी गावाकडे वळायचो. सगळं काळं. एकही खिडकी उजळलेली नसायची." तो थांबला. "मग शाळेच्या मागच्या बाजूला दिवा लागायचा."

"कुणाचा?" लाइनेने विचारलं.

"हिचा. स्वयंपाकघराचा. शाळेची गल्ली खरं तर माझ्याकडे शेवटी होती. पण मी आधी तिथून एक फेरी मारायचो. बर्फ पडलेला नसला तरी. दिवा दिसला की कळायचं, पोचली." त्याने कॉफीचा घोट घेतला. "मग पुढच्या रस्त्यांना जायचो."

राइलीला ती गाडी आठवली. रोज पहाटे खिडकीबाहेरून घरघरत जायची, आणि ती चुलीशी उभी राहून मनात म्हणायची, या माणसाला एवढा आवाज करायची काय हौस आहे. अकॉर्डियनवर काहीतरी संथ वाजत होतं. पाहुण्यांच्या सावल्या भिंतीवरून वाहत होत्या, आणि त्यातलं सगळं तिला फार लांबून आणि फार स्वच्छ दिसत होतं.

दोघं निघाली तेव्हा बाहेर अजून उजेड होता, दुधासारखा. लाइनेने हॉटेलची दिशा काठीने दाखवली होती. ती दोघांनी दुसऱ्याच वळणाला गमावली. पण आता घाई नव्हती. एका भिंतीशी दगडी बाक होता. राइली बसली.

"आत का नाही आलास कधी?" ती म्हणाली. "कॉफी असायची."

ओइवाने विचार केला. "गाडी बंद केली असती तर पुन्हा सुरू झाली नसती. तेल गोठतं."

"चालू ठेवून यायचं."

वरच्या कुठल्या तरी घराची खिडकी लागल्याचा आवाज आला.

"हे सुचलं नाही," तो म्हणाला.

राइलीने त्याच्या खिशात हात घातला, कारण गार होतं, आणि त्याचा हात आधीच तिथं होता.

दुसऱ्या दिवशी ती लाइनेला भेटायला निघाली. कमानी खूप सापडल्या, कागद लावलेली एकही सापडली नाही. एका अंगणात तसंच झाड होतं, पण दार वेगळं. दुसरीकडे दार तसंच, पण झाड नव्हतं. अंगण झाडणाऱ्या एका बाईला राइलीने विचारलं, तेव्हा ती हसून लांबलचक काहीतरी बोलली. त्यातला प्रत्येक शब्द राइलीला ओळखीचा वाटला. पत्ता घ्यायचं कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

"असू दे," ओइवा म्हणाला. "तिला आपलं गाव माहीत आहे."

संध्याकाळच्या बोटीने दोघं परतली. बोट धक्क्यापासून बरीच आत गेल्यावर वारा सुटला आणि धुकं एका बाजूने उचललं गेलं. तेव्हा मागे तालिन दिसलं. तटबंदी, लाल छपरं, चर्चचे उंच टोकदार मनोरे, सगळं उन्हात न्हालेलं. जिथं दोन दिवस हिंडलो ते हेच, यावर विश्वास बसत नव्हता.

"बघ," ओइवा म्हणाला. "एवढं होतं."

ते क्षितिजाआड पूर्ण बुडेपर्यंत दोघं डेकवर उभी राहिली. खाली लोक बिअरच्या पेट्यांच्या गाड्या ढकलत होते. पेन्तीच्या पेट्या आणायच्या राहिल्याच होत्या, हे घराकडे जाणाऱ्या कायानीच्या बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं.

त्यानंतर ओइवा बोलका झाला असं सांगितलं तर ते खोटं होईल. आठवडेच्या आठवडे तो आधीसारखाच असायचा. पण एखाद्या सकाळी, कॉफी ओतून झाली की तो काहीतरी मध्येच सुरू करायचा, जणू आधीचा भाग आपण कधीतरी सांगितलाच आहे. त्या शरदात एकदा तो म्हणाला, "...आणि ते हरीण पुलाच्या मधोमध बसलेलं. उठायलाच तयार नाही."

राइलीने चुलीवरचे बटाटे खाली उतरवले.

"कुठल्या पुलाच्या?" तिने विचारलं.

"सांगतो," तो म्हणाला, आणि खिडकीकडे तोंड करून बसला.